वाढप्याचे पान

गणपतीत आरती संपली की आपण हातात फुले घेऊन मंत्रपुष्पांजली म्हणतो. आवाज चढवून म्हणतो, मुलेसुद्धा शब्दांचे तुकडे करीत मागोमाग म्हणतात. पण तिच्या अखेरीस नेमके काय सांगितले आहे, याकडे आपले फारसे लक्ष नसते. ऐतरेय ब्राह्मणातून आलेला तो श्लोक सांगतो की, मरुत्त नावाच्या राजाच्या घरी प्रत्यक्ष मरुत् देव 'परिवेष्टा' होऊन राहिले होते. परिवेष्टा म्हणजे कोण? पाहुण्यांना अन्न वाढणारा. घराघरांतल्या मराठी माणसांनी वर्षानुवर्षे टाळ्यांच्या गजरात ज्याचा गौरव केला, तो एक वाढपी आहे! देवांना सभासद व्हायला हरकत नव्हती, तशी वाढपी व्हायलाही नव्हती. श्लोकात दोन्ही कामे शेजारी शेजारी मांडली आहेत.

आता हाच मंत्र म्हणणारा गृहस्थ संध्याकाळी सहकुटुंब हॉटेलात जातो. टेबलाशी बसतो आणि अन्न आणून देणाऱ्या माणसाला हाक मारायची वेळ आली की अडखळतो. 'वेटर' म्हणावे? 'अहो' म्हणावे? 'भाऊ' म्हणावे? नुसताच हात वर करावा? पुष्कळदा तो शेवटचाच मार्ग पत्करतो. जो माणूस आपल्यापुढे ताट ठेवतो त्याला हाक मारायला आपल्यापाशी धड शब्द नसावा, ही गोष्ट मला लहानसहान वाटत नाही.

भाषेच्या अभिमान्यांचे म्हणणे असे की, शब्द आहे. आपणच तो टाकला. 'वाढपी' असा अस्सल मराठी शब्द असताना 'वेटर' कशाला? त्यांच्यातले अधिक सोवळे लोक 'परिवेषक' सुचवितात. उलट पक्षाचे म्हणणे असे की, 'वेटर' आता टेबल आणि कपबशीइतकाच मराठी झाला आहे, त्याला हुसकावून लावण्यात अर्थ नाही. माझे मत दोन्ही पक्षांना मानवणारे नाही. वाढपी आणि वेटर हे एकाच माणसाचे देशी आणि परदेशी नाव नव्हे. या दोन शब्दांत दोन वेगळी माणसे उभी आहेत, आणि त्यांच्यातला फरक एका साध्या प्रश्नात सापडतो: वाढणाऱ्याचे स्वतःचे पान कुठे मांडले आहे?

प्रथम 'वाढपी' या शब्दाची घडण पाहू. वाढणे या क्रियापदापासून वाढप, म्हणजे वाढण्याचे काम. आणि ते काम करणारा तो वाढपी. दळप, कांडप हे शब्द याच साच्यातले. मराठीत हा साचा आता थोडा गंजला आहे, नवे शब्द त्यातून फारसे निघत नाहीत. शेजारच्या कोंकणीत मात्र तो अजून धडधाकट चालू आहे. तिथे लिहिणारा तो बरोवपी, वाचणारा तो वाचपी, नाचणारा नाचपी आणि शिकणारा शिकपी. म्हणजे आपला वाढपी हा गोव्याकडच्या लेखक, वाचक आणि विद्यार्थ्यांचा सख्खा भाऊबंद आहे. काम करणारा तो कर्ता, एवढाच त्या प्रत्ययाचा अर्थ. त्यात चाकरीचा वास नाही, की हलकेपणाची छटा नाही.

खरी गंमत 'वाढणे' या धातूत आहे. मराठीत वाढणे म्हणजे मोठे होणे आणि वाढणे म्हणजे अन्न पानात घालणे. आई मुलाला वाढते आणि मुलगा वाढतो. एकाच वाक्यात दोन क्रियापदे, रूप एकच. इतका सुंदर योगायोग असल्यावर आपण सहज म्हणतो की, अन्न घालणे म्हणजेच वाढविणे, म्हणून ते वाढणे. व्याख्यानांतून ही व्युत्पत्ती टाळी घेते. पण व्याकरण जरा आडवे येते. वृद्धी या अर्थाच्या वाढण्याचे प्रयोजक रूप आपण 'वाढविणे' असे करतो. झाड वाढते, माळी झाड वाढवितो. त्याच न्यायाने अन्न घालून माणसाला मोठे करणारी आई मुलाला 'वाढविते' असे व्हायला हवे. आणि तसे ती करतेही, पण त्याचा अर्थ लहानाचे मोठे करणे असा होतो. भात मात्र ती 'वाढते'. 'मुलगा वाढला' आणि 'मुलाने भात वाढला' या वाक्यांची चालच निराळी आहे. एक क्रियापद अकर्मक, दुसरे सकर्मक. दोघे एकाच घरात राहतात, पण त्यांची कुळे एक असतीलच असे नाही.

संस्कृतात पाहावे तर वृध् धातू वाढण्याचा आहेच. पण पाणिनीय धातुपाठात दुसरा एक 'वर्ध्' आहे आणि त्याचे अर्थ दिले आहेत छेदन आणि पूरण, म्हणजे कापणे आणि भरणे. या दुसऱ्या धातूचे नातलग आपल्या अवतीभवती भरपूर आहेत. गुजरातीत 'वाढवुं' म्हणजे कापणे. पंजाबीत 'वड्ढणा' म्हणजे तोडणे, कापणे. लाकूड कापणारा तो संस्कृतात वर्धकी आणि हिंदीत बढई. आणि आपल्याकडे? आपण नारळ 'वाढवितो', बाईच्या हातातली बांगडी 'वाढते'. फुटणे हा शब्द अशुभ म्हणून आपण उलटा बोलतो, असे सगळे समजतात. आणि आज आपल्या मनात भावना तीच असते हे खरे. पण गुजराती माणूस देवापुढे नारळ फोडताना 'वधेरवुं' म्हणतो, हे पाहिले की मला वाटते, या शुभशब्दाच्या पदराखाली कापण्याचा तो जुना धातू अजून जिवंत असावा.

माझा कल असा की, अन्न वाढण्यातही तो आहे. वाढणे म्हणजे काय? मोठ्या पातेल्यातून वाटा वेगळा काढणे आणि तो पान भरून पुढे ठेवणे. आधी छेदन, मग पूरण. धातुपाठात दिलेले ते दोन अर्थ शेजारी कसे आले असतील, याचा उलगडा पंक्तीत उभे राहिले की आपोआप होतो. भाताच्या ढिगात डाव खुपसून जो मूद कापून काढतो तोच ती पानात भरतो. वाढपी हा भागाकार जाणणारा मनुष्य आहे. किती पाने मांडली आहेत, किती पंक्ती उठायच्या आहेत, जिलबीची परात कुठवर आली आहे, हा सगळा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. आणि तोंडाने मात्र तो 'घ्या हो, अजून एक' असा गुणाकार करीत असतो. भाग पाडणे आणि भरभरून देणे या दोन गोष्टी एकाच हाताने करणे, हे वाढप्याचे कसब. शब्दाने ते नेमके धरले आहे.

हा शब्द आपण एकट्याने वापरतो असेही नाही. हिंदीत परोसना, गुजरातीत पिरसवुं, बंगालीत परिवेशन; ही सगळी त्या परिवेष्ट्याची लेकरे. परिवेष म्हणजे चंद्रसूर्याभोवती पडणारे खळेसुद्धा. वाढणारा पंक्तीभोवती फिरतो तसे. पण तेलुगूत पाहा, तिथे जेवण वाढणे म्हणजे 'वड्डिंचु', कन्नडात 'बडिसु'. म्हणजे जेवायला वाढताना मराठी जीभ उत्तरेपेक्षा दक्षिणेच्या शेजाऱ्यांशी अधिक जुळते. आपली पंगत, केळीचे पान, डाव्या-उजव्या बाजूंचे नियम हे पाहिले तर यात नवल ते काय?

याच वाटेवर आणखी एक शब्द भेटतो. जुन्या मराठीत वाढण्याला 'वोगरणे' किंवा 'ओगरणे' म्हणत. ते क्रियापद आता बोलण्यातून गेले, पण जाताना आपले हत्यार स्वयंपाकघरात विसरून गेले. वरण-आमटी वाढायचे ते लांब दांड्याचे ओगराळे हे त्याचे. कन्नडात ओगर म्हणजे शिजलेले अन्न, भात. चिंचेचा भात तो पुळियोगरे. आज आपण उडप्याकडे पुळियोगरे मागवितो आणि घरी ओगराळ्याने आमटी वाढतो. दोन्हींचे नाते आपल्या गावीही नसते.

क्रियापदाचा राबता केवढा मोठा होता ते म्हणींवरून, बोलण्यावरून दिसते. दारात आलेला भिक्षेकरी 'माय, भाकरतुकडा वाढ' म्हणतो आणि राजाच्या मेजवानीतही वाढतातच. देवीचा जोगवा वाढायचा असतो. नशिबात काय 'वाढून ठेवले आहे' असे आपण म्हणतो. म्हणजे दैवसुद्धा आपल्या कल्पनेत हातात पळी घेऊन उभे आहे आणि आपण पान मांडून बसलो आहोत. आणि वाढणारा आपला असला की पंगतीत शेवटी बसले तरी बिघडत नाही, हे तर राजकारणापर्यंत पोचलेले शहाणपण. या साऱ्यांत वाढणाऱ्याच्या हाती सत्ता आहे. खाणारा त्याच्या तोंडाकडे पाहतो. वाढपी हा शब्द मराठी माणसाच्या कानाला कधीच नोकरासारखा वाटला नाही, त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. पंगतीचा वाढपी हा मुळात पाळीने झालेला वाढपी आहे. लग्नकार्यात पहिली पंगत उठली की जेवून उठलेल्यांपैकी तरणी पोरे कंबरेला उपरणे किंवा पंचा बांधून बादल्या उचलीत आणि दुसऱ्या पंगतीला वाढीत. पहिल्यांदा वाढणारे शेवटच्या पंगतीला बसत. मग कोणी तरी वडीलधारा मनुष्य स्वतः तुपाचे भांडे घेऊन त्यांच्यामागे लागे. 'तुम्ही आज फार धावलात, आता नाही म्हणायचे नाही.' आजचा वाढपी उद्याचा जेवणारा आणि आजचा जेवणारा उद्याचा वाढपी. म्हणून राजसूय यज्ञात कृष्णाने उष्टी काढली, पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देवाने पाणी भरले, या कथा आपल्या माणसाला विचित्र वाटत नाहीत; गोड वाटतात. देव पाळीत सामील झाला, एवढाच त्याचा अर्थ. पु. ल. देशपांड्यांनी 'व्यक्ती आणि वल्ली'त (१९६२) लग्नघरातली सगळी कामे अंगावर घेणारा नारायण उभा केला. त्याला पगार नाही, हुद्दा नाही. पण त्याला नोकर म्हणण्याची छाती कोणाची होईल? आपल्या साहित्यात खवय्ये रगड आहेत. वाढणाऱ्यांच्या बाजूने पाहिलेले चित्र विरळा, म्हणून नारायणाचे मोल मला अधिक वाटते.

पंगत आणि हॉटेल यांतला भेद आणखी एका गोष्टीत दिसतो. ब्राह्मणभोजनात जेवणाऱ्याला दक्षिणा मिळे आणि वाढणाऱ्याला पुण्य. हॉटेलात जेवणारा पैसे देतो आणि बडीशेपेच्या बशीत वाढणाऱ्यासाठी वर काही ठेवतो. नाण्याची दिशाच उलटली! दिशा उलटल्यावर शब्दही बदलणारच.

तो बदललेला शब्द म्हणजे वेटर. याचा अर्थ सामान्यतः 'वाट पाहणारा' असा घेतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला आणि त्याच्याही मागे जर्मानिक भाषांतला; अर्थ जागे राहणे, पाळत ठेवणे. इंग्रजीतले वॉच आणि वेक हे त्याच कुटुंबातले. म्हणजे वेटर हा मुळात पहारेकरी. धन्याला काय हवे-नको यावर डोळा ठेवून तिष्ठत राहणारा. वाढप्याची व्याख्या तो काय देतो यावरून झाली. वेटरची तो कोणासाठी ताटकळतो यावरून. जर्मन माणसाने आपल्या 'केल्नर'ला तळघरावरून नाव दिले. तो दारूच्या कोठाराचा राखणदार. फ्रेंचांनी तर सरळ 'गार्सों' म्हटले, म्हणजे पोरगा. आपल्याकडे साहेब आला तेव्हा आणखी नावे आली. बेअरर हा मुळात पालखीचा भोई; खांद्यावरची पालखी गेली, हातात तबक आले आणि हिंदीत तो 'बैरा' झाला. खानसामा हा फारसी शब्द घरातल्या सामानसुमानावर देखरेख करणाऱ्याचा. पाहा, या यादीत पहारेकरी आहे, कोठीवाला आहे, भोई आहे, पोरगा आहे. पण अन्न पानात घालणे या कृतीवरून पडलेले नाव एकही नाही.

ज्याँ-पॉल सार्त्र या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या 'बीइंग अँड नथिंगनेस' या ग्रंथात कॅफेतल्या एका वेटरचे उदाहरण घेतले आणि ते जगभर गाजले. तो वेटर जरा जास्तच चटपटीत चालतो, जरा जास्तच अदबीने वाकतो, तबक जरा जास्तच कौशल्याने तोलतो. सार्त्र म्हणतो की, तो वेटर असण्याचा अभिनय करतो आहे. आपण माणूस आहोत आणि ही केवळ भूमिका आहे, हे तो स्वतःपासून लपवितो. सार्त्रचे निरीक्षण मार्मिक आहे. पण मला नेहमी वाटते, दोष त्या एकट्या वेटरवर कशाला? जेवणारेही त्याला दुसरे काही होऊ देत नाहीत. पंगतीच्या वाढप्यावर अभिनयाची पाळी येत नाही, कारण त्याला जेवताना सगळ्यांनी पाहिलेले असते. वेटरला जेवताना गिऱ्हाइकाने कधी पाहिलेलेच नसते. त्याचे पान भटारखान्याच्या कोपऱ्यात, दुपार कलल्यावर, उभ्याउभ्या.

इथवर वाचून कोणी म्हणेल, चला, वाढपी श्रेष्ठ ठरला. इतक्या लवकर निकाल देऊ नये. आपल्या पंगतीची दुसरी बाजू झाकून हा शब्द मिरविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या पंगतीत सगळे पाळीने वाढीत, त्या पंगतीत सगळे नव्हतेच! कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे नाही, कोण सोवळ्यात वाढतो आणि कोणाला अंगणाच्या पलीकडे वरून टाकतात, याचे नियम जिलबीच्या वेढ्यांहून किचकट होते. पंक्तिभेद हा शब्दही मराठीत रुळलेला आहे. ज्याला वाढपी होता येत नसे त्याला पान मिळण्याचीही मारामार. नाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढले, ही कथा इतकी शतके टिकली ती त्यातले साहस लोकांना कळत होते म्हणून.

या जागी हॉटेलाने जे काम केले ते कीर्तनांनी झाले नाही. कोल्हापूरची हकीकत प्रसिद्ध आहे. शाहू छत्रपतींच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. त्याचे नाव 'सत्यसुधारक'. सवर्ण गिऱ्हाईक तिकडे फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः त्या रस्त्याने जाताना गाडी थांबवीत आणि गंगारामांच्या हातचा चहा मागवीत. बरोबरच्या मंडळींनाही तो घेणे भाग पडे. पुढे १९३३ साली रत्नागिरीत सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले, तेव्हा तिथे चहा-फराळ देण्याच्या कामावर महार समाजातला मनुष्य नेमला होता. या दोन्ही प्रसंगांत क्रांती पदार्थांत नव्हती. चहा तोच होता. क्रांती होती ती कोणाच्या हाताने कप पुढे येतो यात. पुढे शहरांतल्या हॉटेलांत ते हात कोणाचे आहेत हे विचारण्याची सोयच उरली नाही. भुकेल्या माणसाने खिशातले पैसे मोजावे आणि वेटरने बशी पुढे ठेवावी. नाव-गाव, जात-गोत विचारणे नाही. वेटर या परक्या शब्दाचा हा मोठेपणा मी कधी विसरत नाही. तो कोणाचा कोणी लागत नाही, म्हणूनच तो सगळ्यांना वाढू शकतो.

पण आपण त्या शब्दाचेही नीट राखले नाही. वेटर हा निदान धंद्याचा शब्द होता. आपण त्याचा 'पोऱ्या' केला, 'बॉय' केला, उत्तरेकडून 'छोटू' आणला. फ्रेंचांच्या गार्सोंसारखेच हे. फरक इतकाच की, आपल्याकडे पुष्कळदा तो खरोखरच पोर असे. फडके मारणारा, कपबश्या विसळणारा आठ-दहा वर्षांचा मुलगा हे आपल्या हॉटेलांचे कायमचे दृश्य होते. ऑक्टोबर २००६ पासून ढाबे आणि हॉटेलांत चौदा वर्षांखालील मुले कामाला ठेवण्यावर कायद्याने बंदी आली आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ सर्वच धंद्यांना लागू झाली. कायद्याने पोरगा हटविला, पण हाक शिल्लक राहिली. पन्नाशीच्या केस पिकलेल्या गृहस्थाला 'ए पोऱ्या' म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. आणि तेच काम जमिनीपासून काही हजार फुटांवर करणाऱ्या मुलीला मात्र मराठीने 'हवाईसुंदरी' हे नाव दिले! तबक तेच, चहाही बहुधा हॉटेलापेक्षा पांचटच. पण तिकिटाची किंमत वाढली तशी शब्दाची इज्जतही वाढली. शब्द कामावर बसविलेले नसतात, गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर बसविलेले असतात, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता?

आणखी एका ठिकाणी शब्द कमी पडला आहे, आणि तो हॉटेलात नव्हे, घरात. बाहेर वाढणारा पुरुष तो वाढपी. घरात जन्मभर दोन वेळा वाढणारी जी बाई, तिला काय म्हणतात? काहीच नाही. ती आई असते, वहिनी असते, सूनबाई असते. वाढणे हे तिचे काम धरलेच जात नाही, म्हणून त्याला नाव नाही. वाढप्याला शेवटच्या पंगतीत तरी पान होते. तिचे पान सगळे उठल्यावर, खरवडीपाशी. आणि एके काळी तर नवऱ्याच्या उष्ट्या पानावर. पाळीचा जो नियम मी वर इतक्या कौतुकाने सांगितला, तो उंबऱ्याच्या आत कधी आलाच नाही.

या कामाला मोल आहे हे प्रथम दाखवून दिले ते गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी. कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांना त्या आपल्या खोलीत स्वयंपाक करून वाढीत आणि महिन्याने पैसे घेत. सावकाराच्या व्याजात त्या बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेचे दार त्यांना उघडून दिले. १९८२ चा गिरण्यांचा संप झाला, जेवणारेच पांगले, तेव्हा त्या बायकांवर काय गुदरले असेल याची कल्पना करवत नाही. पण वाढणे हा धंदा आहे, त्याला हिशेबाची वही आहे आणि पतही आहे, ही गोष्ट त्यांनी सिद्ध करून ठेवली.

इकडे पंगतही बदलली. आता कार्यालयात आचारी ठेकेदार येतो, त्याच्याबरोबर एकसारखे कपडे घातलेले वाढपी येतात. शब्द जुनाच, पण पाळी संपली. ते रोजंदारीवर आलेले असतात. मालकाने एकदा खाऊन घ्या म्हटले तर म्हटले. बुफे आला तेव्हा तर क्रियापदच फिरले. यजमान 'वाढतो' म्हणण्याऐवजी 'वाढून घ्या' म्हणू लागला. वाढण्याला दोन माणसे लागतात, वाढून घ्यायला एक पुरतो. बुफेत वेळ वाचतो, नासाडी कमी होते म्हणतात, सोवळ्याओवळ्याचा प्रश्न मिटतो, हे सगळे मान्य. पण 'पुरे' म्हणणाऱ्या हाताच्या बोटांतून तुपाची धार सोडणारा तो हात त्यात नाही. उलट माटुंग्याला १९४२ साली सुरू झालेल्या रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगसारख्या ठिकाणांनी पैसे घेऊनही केळीच्या पानावर पुन्हा पुन्हा वाढण्याची रीत राखली. म्हणजे पैशाने आग्रह मरतोच असे नाही. तो राखावा असे वाटले पाहिजे.

तेव्हा माझा निकाल असा. हॉटेलच्या माणसाला सरसकट वाढपी म्हणण्याचा हट्ट मी धरणार नाही. जोवर त्याचे पान आपल्याशेजारी मांडले जात नाही, तोवर त्याला त्या पाळीच्या नात्याचे नाव देणे ही गोड बोलून केलेली फसवणूक होईल. भाषांतरकारांनीही पॅरिसच्या कॅफेत वाढपी उभा करू नये. तिथे पंगत नाही. तो वेटरच असू द्या. परिवेषक मंत्रपुष्पांजलीत शोभतो, तिथेच राहू द्या. पण वेटर म्हणताना त्या शब्दाचा जो खरा गुण, कोणालाही जात न विचारता सर्वांना सारखे वाढण्याचा, तो ध्यानात ठेवावा. आणि पोऱ्या, बॉय, छोटू या हाका आजच्या आज बंद कराव्या. 'अहो' हा दोन अक्षरांचा शब्द मराठीने फुकट दिलेला आहे, त्यावर कसलीही पट्टी बसत नाही.

आणि वाढपी हा शब्द? तो आपण घरात आणावा. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरोघर फराळाची ताटे मांडली जात असतील. चकली, चिवडा, लाडू, करंज्या. कोणी तरी स्वयंपाकघरातून त्या बशा भरून बाहेर आणीत असेल, आणि 'तुमचे झाले की मी बसते' असे म्हणत असेल. त्या वेळी घरातल्या एखाद्या धडधाकट पुरुषाने उठावे, ओगराळे नाही तर निदान डबा हातात घ्यावा, तिला पाटावर किंवा खुर्चीवर बसवावे आणि एक पाळी वाढपी व्हावे. मरुत्तांच्या घरी देवांना जे जमले ते आपल्याला जमायला हरकत नाही. फक्त वाढताना नुसते 'वाढून घे' म्हणू नये. पुढे होऊन वाढावे, आणि ती पुरे म्हणाली तरी आणखी एक करंजी पानात टाकावी.